अंदमान: नऊ रात्री आणि किती बेटं?

अनुजा_ठाणे
नमस्कार मंडळी. जानेवारीत अंदमानला जायचं पक्कं झालंय, विमानाची तिकिटं काढून झालीत, नऊ रात्री हातात आहेत. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७१ची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण चालते, जिने हळूहळू चढते. टूरवाल्याने जो प्लॅन पाठवलाय त्यात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील, बाराटांग, रंगत, दिगलीपूर, तिथलं रॉस-स्मिथ आणि परत पोर्ट ब्लेअर असं सगळं कोंबलंय, वर म्हणतो मॅडम तुमचं एकही बेट सुटणार नाही. वाचूनच दमायला झालं. नवरा म्हणतो एवढे पैसे घालून जातोय तर सगळं बघून घेऊ. आईचं एकच म्हणणं आहे, मला सेल्युलर जेलमधली ती कोठडी बघायचीय, बाकी तुम्ही पाण्यात काय हुंदडायचं ते हुंदडा. लेकीला मासे बघायचेत. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, काय ठेवू आणि काय गाळू? आणि आईला बोट लागते, त्यावरही काही सुचवा.

भटकी_वहिनी
तीन बेटं. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. बास. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

समीर_कोथरूड
वहिनींशी असहमत. आम्ही २०१९ला आठ रात्रीत दिगलीपूरसकट केलं. दमलो, खोटं कशाला बोलू, पण रॉस-स्मिथची ती पुळण बघितल्यावर दमणूक कुठल्या कुठे गेली. दोन बेटं आणि मध्ये पांढऱ्या वाळूची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या निळ्या रंगाचं पाणी, ओहोटीला या बेटावरून त्या बेटावर चालत जायचं आणि भरती आली की पट्टी पाण्याखाली. अंदमान म्हणजे काय अलिबाग नाही दर वर्षी जायला. गेलात तर बघून घ्या.

शुभदा_मावशी
समीर, बरोबर कोण होतं तुमच्या? तिशीतली चार मित्रमंडळी असतील तर गोष्ट वेगळी. पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटर रस्ता आहे, मध्ये गाडीसकट खाडी ओलांडायची, जायचा अख्खा दिवस आणि यायचा अख्खा दिवस. ऑपरेशन झालेला गुडघा दहा-बारा तास गाडीत दुमडून ठेवला की दुसऱ्या दिवशी काय होतं ते मी स्वतः भोगलंय (दोन्ही गुडघे, २०१७). अनुजा, अगं आईला घेऊन जातेस ना, मग उत्तरेकडचं सगळं काढून टाक. पुन्हा कधी दोघंच गेलात तर करा.

आणि एक लक्षात घे, तुझ्या यादीत रॉस दोनदा आलंय. ही दोन वेगळी बेटं आहेत. पोर्ट ब्लेअरच्या समोरचं रॉस म्हणजे जिथे इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं, त्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. दिगलीपूरचं रॉस वेगळं. टूरवाले फोनवर बोलताना सरळ गोंधळ करतात.

पेठेतला_पांथस्थ
नावांचा विषय निघालाच आहे तर सगळं एकदाच लिहून ठेवतो, लोक तिकीट बघून घाबरतात. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवी नावं असतील, धक्क्यावरची माणसं जुनीच नावं घेतात. १९४३च्या ३० डिसेंबरला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला तेव्हा त्यांनी शहीद आणि स्वराज ही नावं सुचवली होती, ती ७५ वर्षांनी लागली.

देवबागकर
सगळ्यांनी बेटं मोजली, पाणी कोणीच मोजलं नाही. अनुजाताई, तुमच्या जानेवारीतल्या तारखांना तिथी काय येते ते आधी बघा. बेटांवर फिरायचं म्हणजे घड्याळ समुद्राचं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. सप्तमी-अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. ज्या जागा उघड्या पडल्याशिवाय दिसत नाहीत (नीलचा तो नैसर्गिक दगडी पूल, ती रॉस-स्मिथची पुळण) त्या उधाणाच्या दिवसांत, ओहोटीच्या वेळेला गाठायच्या. आमच्याकडे साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी असेल तर साडेसात, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. तिथून सहा तास पुढे ओहोटी. टूरवाल्याला विचारा नीलला कुठल्या दिवशी किती वाजता नेणार, त्याला हे सांगता आलं नाही तर त्याने प्लॅन नुसता कागदावर आखलाय.

राजश्री_नागपूर
देवबागकर दादा, तुमचा प्रतिसाद फार आवडला, पण एक सांगते, पाऊणपटीचा हिशोब अंदमानात चालत नाही! आम्ही ह्यामुळेच फसलो. माझे सासरे मूळचे रत्नागिरीचे, त्यांनी नीलला निघायच्या आदल्या दिवशी बोटांवर हिशोब केला, पौर्णिमेचा दुसरा दिवस होता, म्हणाले ओहोटी सहाच्या सुमाराला, संध्याकाळी आरामात जाऊ. आम्ही पाचला पोचलो तर पाणी परत वर यायला लागलेलं, गाईड म्हणाला दीड तासापूर्वी यायला हवं होतं, आणि वर अंधार. जानेवारीत तिकडे सव्वापाचलाच सूर्य मावळतो! खडकांवर शेवाळ, त्यावरून चालत जायचं असतं, अंधारात कोण जाणार. पूल लांबूनच बघितला.

देवबागकर
अरे हो, बरोबर. चूक माझी. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, प्रत्येक किनाऱ्याला भरती पोचायची वेळ आपापली. शिवाय अंदमान आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला की चंद्र तिथे आपल्या घड्याळाने सव्वा तास आधीच डोक्यावर येतो. म्हणजे नीलच्या जेट्टीवरच्या माणसालाच वेळ विचारायची, किंवा भरती-ओहोटीचं तयार कोष्टक बघायचं. उधाण-भांगाचा नियम मात्र तोच राहतो, तो कुठेही बदलत नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

भटकी_वहिनी
आले. आता सविस्तर.

राजश्रीने सूर्याचा मुद्दा लिहिला तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिकडे दिवस पहाटे साडेपाच-पावणेसहाला सुरू होतो आणि संध्याकाळी साडेपाचला काळोख. आपल्याला सवय असते नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडायची, तसं केलं की हातात उरतात सात तास आणि त्यातले दोन-अडीच बोटीत. मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा २०११ला, तेव्हा सहा रात्रीत सात ठिकाणं केली आणि आठवतंय काय तर सूटकेस. उघड, कोंब, चेन लावायला वर बस, धक्क्यावर रांगेत उभी राहा, सामान तपासून घे, बोटीत चढव, उतरव. दुसऱ्यांदा २०२२ला हॅवलॉकला सलग चार रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी काहीच ठरवलेलं नव्हतं. सकाळी काळापत्थरला सूर्योदय बघितला, तो किनारा पूर्वेला आहे, मग खोलीवर येऊन झोपलो, मग संध्याकाळी राधानगरला गेलो, तो पश्चिमेला. राधानगरला मोठ्ठी महुआची झाडं थेट वाळूपर्यंत आलेली आहेत, त्या सावलीत आई दिवसभर बसू शकेल, बाकं आहेत, कपडे बदलायला खोल्या आहेत. टाइम मासिकाने २००४ला त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं ते सगळे सांगतात. मला विचाराल तर तिथली वाळू इतकी बारीक आहे की ओल्या पायाला पिठासारखी लागते आणि सुकली की आपोआप झडून जाते, पायपुसणं लागत नाही.

तर माझा हिशोब: पोर्ट ब्लेअर तीन (पहिले दोन आणि परतीच्या आधीची एक), हॅवलॉक चार, नील दोन. झाल्या नऊ.

समीर_कोथरूड
वहिनी, दोनदा जायला मिळालं म्हणून हे सुचतंय. एकदाच जाणाऱ्याने काय करायचं? आणि बाराटांग का गाळायचं? ते तर एका दिवसात होतं. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, आणि तिवरांच्या जंगलातून जी होडी जाते ना, दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर मिटलेल्या आणि खाली हिरवं पाणी, होडीवाला इंजिन बंद करतो तेव्हा नुसता टपटप आवाज. माझ्या अख्ख्या सहलीतला तो सर्वात सुंदर अर्धा तास होता.

तिवर
समीर, तिवरं सुंदरच आहेत (माझं नावच बघा!). पण बाराटांगला जायचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो, त्याबद्दल इथे कोणी एक अक्षर लिहिलं नाही म्हणून मी लिहितेय. पहाटे साडेतीनला पोर्ट ब्लेअरहून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लावायची, सहाला पहिला ताफा सुटतो, पुढे-मागे पोलीस. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही. नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. पण गाडीतली माणसं काय करत असतात? काचेला नाक लावून 'दिसला का, दिसला का' करत असतात. आमच्या गाडीत अगदी हेच चाललं होतं, मी २००९ला गेले होते. एका वळणावर एक बाई आणि दोन मुलं उभी होती. गाडी हळू झाली, ड्रायव्हरने लगेच वेग घेतला. त्या लहान मुलाने आमच्याकडे बघितलं. आणि मला एकदम वाटलं की आपण कोणाच्या तरी घरातून, माजघरातून गाडी घालून चाललोय.

नुसती भावना नाही ही. जारवांमध्ये १९९९ला आणि पुन्हा २००६ला गोवराची साथ आली. जंगलात राहणाऱ्या माणसांना आपले साधे आजार झेपत नाहीत. ग्रेट अंदमानी लोक हजारोंच्या संख्येने होते, आता पन्नाससाठ उरलेत. त्यांच्यातली बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या आजी २०१०च्या जानेवारीत गेल्या आणि भाषा संपली. मी पुन्हा त्या रस्त्याने जाणार नाही. अनुजा, तुला जायचंच असेल तर तुझा निर्णय, पण आधी विचार कर एवढंच.

राजश्री_नागपूर
तिवर, +१. आम्हीही ह्याच कारणाने गेलो नाही.

समीर_कोथरूड
मान्य आहे, मी त्या बाजूने विचार केला नव्हता. आमच्या गाडीत कोणी तसं वागलं नाही, आम्हाला कोणी दिसलंही नाही. पण दिसावं म्हणून बघत होतो हे खरंय.

माजी_द्वीपकर
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते हा धागा बघून. वडील नौदलात होते, माझी पाचवी ते सातवी पोर्ट ब्लेअरला झाली, नव्वदच्या दशकात. म्हणून दोन शब्द.

त्या रस्त्याबद्दल तिवर यांनी लिहिलं ते बरोबर आहे, पण तिथे राहणाऱ्यांची बाजूही सांगतो. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या माणसाला पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या इस्पितळात यायचं तर तोच रस्ता. बोटी आहेत, पण हवामान बिघडलं की बंद. माझ्या वर्गातली एक मुलगी रंगतची होती, दिवाळीला घरी जायची तर आठवडाभर आधी तिकिटाची चिंता. सर्वोच्च न्यायालयाने २००२लाच तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी वाद कितीतरी वर्षं चालला, कारण एका बाजूला जारवांचं जगणं आणि दुसऱ्या बाजूला ह्या गावांचं. पण ती गरज तिथल्या रहिवाशांची आहे. पर्यटकाला गुहा बघायची गरज नसते. त्यामुळे माझंही मत, रस्त्याने जाऊ नका. तिवरांतून होडीने फिरायचं असेल तर हॅवलॉकला कयाक मिळतात, आणि अमावास्येच्या आसपास गेलात तर रात्री वल्हं मारलं की पाण्यात निळे ठिपके चमकतात.

आणि मंडळी, बेटं बघताना माणसंही बघा. नीलवर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर अशी गावं आहेत, ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवली. अख्ख्या अंदमानाची भाजी तिथे पिकते. पोर्ट ब्लेअरच्या आसपास मंजेरी, कालिकत, वंडूर अशी गावं आढळतील, १९२१च्या मलबारमधल्या उठावानंतर ज्या मोपल्यांना शिक्षा होऊन आणलं त्यांनी ठेवलेली घरची नावं. मायाबंदरजवळ ब्रह्मदेशातून १९२५ला आणलेले कारेन लोक आहेत. छोटा नागपूरहून जंगलकामाला आणलेल्यांना सरसकट 'रांची' म्हणतात. आणि हे सगळे एकमेकांशी हिंदी बोलतात, आपलीच एक हिंदी, कानाला फार गोड. आमच्या शाळेत डब्यात इडली, माछ-भात आणि आईच्या हातची थालीपीठं एकाच बाकावर असायची.

चिवडा_लाडू
शाकाहारी माणसाचे हाल होतात का हो तिकडे? आमच्या घरी चार जण शाकाहारी, एक अंडं खाणारा.

भटकी_वहिनी
अजिबात नाही. पोर्ट ब्लेअरला तमिळ खानावळी भरपूर आहेत, केळीच्या पानावर भात-सांबार. हॅवलॉक-नीलला बंगाली डाळ-भात-भाजा. शहाळी जागोजागी. मासे खाणाऱ्यांना मात्र विचारायलाच नको, माझ्या नवऱ्याने चार दिवस सकाळ-संध्याकाळ मासेच खाल्ले.

हर्षद_म्हापसा
एक मनापासून प्रश्न. आम्ही गोव्याचे, समुद्र रोजचाच. अंदमानात वेगळं काय? आमच्याकडे पण वाळू, माड, मासे.

देवबागकर
हर्षद, पाण्याखाली बघ, तिथेच फरक. आपल्याकडे नद्या गाळ आणून ओततात, पाणी गढूळ, हात घातला तर बोटं दिसत नाहीत. तिथे मोठ्या नद्याच नाहीत, पाणी काचेसारखं, म्हणून प्रवाळ वाढतं. मी जन्मापासून समुद्रावर आहे, तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेतो, तरी एलिफंट बीचला तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा कानाने समुद्र ऐकला. कुटूर कुटूर असा आवाज येत होता. पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडत होता. तो खातो त्याची मागून पांढरी भुकटी पडते, तिथली पांढरी वाळू पुष्कळशी अशीच झालेली. मी पाऊण तास त्या एका माशामागे होतो. एक वाईट वाटलं, पुष्कळ प्रवाळ पांढरंफटक पडलंय. २०१०ला आणि नंतर २०१६ला समुद्र तापला तेव्हा गेलं ते. काही ठिकाणी नवे कोंब आलेत, त्यावर लोक पाय देऊन उभे राहतात तेव्हा जीव कळवळतो. लेकीला सांगा, पाण्यात तरंगायचं, उभं राहायचं नाही.

हर्षद_म्हापसा
आवाजाचं माहीत नव्हतं. जाणार.

कोरा_कागद
वासुदेव बळवंत फडकेंना पण अंदमानलाच ठेवलं होतं ना? त्यांची कोठडी आहे का तिथे?

पेठेतला_पांथस्थ
नाही हो, फडक्यांना एडनला नेलं होतं, ते तिथेच १८८३ला वारले. सेल्युलर जेल तेव्हा नव्हतंच, त्याचं बांधकाम १८९६ ते १९०६. अंदमानात कैदी मात्र १८५८ पासून नेत होते, सत्तावनच्या उठावानंतर लगेच. सुरुवातीला उघड्या बेटांवर, व्हायपर बेटावर फाशीघर होतं. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला १८७२ला मारणाऱ्या शेरअलीला तिथेच फाशी दिलं.

जेल बघताना एक गोष्ट गाईडला मुद्दाम विचारा. सात लांब इमारती, मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या, आणि प्रत्येकीचं तोंड शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत दिसायची, दुसऱ्या कैद्याचा चेहरा नाही. बाबाराव सावरकर आधीपासून तिथे होते, विनायकराव १९११च्या जुलैत पोचले, दोघे सख्खे भाऊ एका तुरुंगात आणि भेट नाही. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. आणि फक्त सावरकरांची कोठडी बघून फिरू नका, मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर बंगालमधल्या, पंजाबमधल्या क्रांतिकारकांची नावं आहेत, ती वाचा. १९३३च्या उपोषणात महावीर सिंग यांना बळजबरीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेलं आणि ते मेले. अशी माणसं आहेत त्या पाट्यांवर.

शुभदा_मावशी
अनुजा, सावरकरांची कोठडी वरच्या, तिसऱ्या मजल्यावर टोकाला आहे. जिने जुने आहेत. सकाळी जेल उघडताच जा, गर्दी नसते, आईला प्रत्येक मजल्यावर बसत बसत नेता येईल. ध्वनी-प्रकाश कार्यक्रम संध्याकाळी असतो, तो वेगळ्या दिवशी ठेव, एकाच दिवशी दोन्ही नको. खासगी बोटीत चढायला फळी असते, धक्क्यावरची पोरं हात देतात, घाबरू नको. मात्र एलिफंट बीचला छोट्या बोटीतून उतरताना पाण्यात पाय टाकावा लागतो, तिकडे आईला नेऊ नकोस.

डॉ_मीरा
बोट लागण्याबद्दल. गोळी बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पण आई ७१च्या आहेत, ह्या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जाऊ शकतो, बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. उपाशी पोटी बोटीत बसू नये, तेलकटही खाऊ नये. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जागा घ्या, लांब क्षितिजाकडे बघायचं, मोबाईलमध्ये बघायचं नाही. आलेपाक चालेल, बऱ्याच जणांना बरं वाटतं. जानेवारीत समुद्र बऱ्यापैकी शांत असतो.

राजश्री_नागपूर
आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हॅवलॉकला राहू नका!! पोर्ट ब्लेअरला या. २०१६च्या डिसेंबरात चक्रीवादळात हजारावर पर्यटक हॅवलॉक-नीलला अडकले होते, नौदलाने जाऊन आणलं. जानेवारीत तेवढं होत नाही, पण आमचीही एक खासगी बोट ऐनवेळी रद्द झाली, एजंटाने फोनच उचलला नाही, सरकारी बोटीचं तिकीट रांगेत उभं राहून काढलं. एक रात्र हाताशी होती म्हणून वाचलो.

माजी_द्वीपकर
शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत घालू नका, मेलेलेही नाहीत. विमानतळावर काढून घेतात आणि गुन्हा आहे तो. लेकीला आधीच सांगून ठेवा. आणि तिला जुनी लाल वीसची नोट मिळाली तर घेऊन जा, तिच्या मागचं दीपगृहाचं चित्र नॉर्थ बेचं आहे, माउंट हॅरिएटवरून अगदी तसंच दिसतं.

कोरा_कागद
निकोबारला जाता येतं का? तिकडे मराठी माणसं आहेत असं ऐकलंय.

माजी_द्वीपकर
पर्यटक म्हणून जवळजवळ सगळं निकोबार बंद आहे, आदिवासी राखीव क्षेत्र आहे, पास लागतो. मराठी माणसांचं खरं आहे. १९६९ पासून ग्रेट निकोबारला कॅम्पबेल बेच्या बाजूला माजी सैनिकांची कुटुंबं जमिनी देऊन वसवली, पंजाबी, तमिळ, मल्याळी आणि आपली मराठीही. बाबांच्या ओळखीचे एक साताऱ्याकडचे हवालदार तिकडे स्थायिक झाले होते, पोर्ट ब्लेअरला कामाला आले की आमच्याकडे उतरायचे. आई पिठलं-भाकरी करायची आणि ते भाकरीचा पहिला तुकडा तोडून आधी नुसता हातात धरून बसायचे. २००४च्या त्सुनामीनंतर त्यांची काही खबर लागली नाही. बाबांनी पुष्कळ पत्रं घातली.

तिवर
काय बोलू. वाचून बराच वेळ थांबले.

अनुजा_ठाणे
सगळ्यांचे खूप खूप आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला. बाराटांग आणि दिगलीपूर काढलं. पोर्ट ब्लेअर दोन, मग हॅवलॉक चार, नील दोन, शेवटची एक पोर्ट ब्लेअर, वहिनींच्याच हिशोबाने. पौष पौर्णिमा आमच्या नीलच्या दिवसांतच येतेय, त्यामुळे दगडी पुलाला ओहोटी मिळेल. आल्यावर लिहिते.

अनुजा_ठाणे
धागा वर काढतेय, परत येऊन आठ दिवस झाले.

नीलला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जेट्टीवरच्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या तीनला पोचा, साडेचारच्या आत निघा. तीनला गेलो. पाणी इतकं मागे गेलं होतं की खडकांतल्या डबक्यांतून चालत गेलो, लेकीने एका डबक्यात समुद्रकाकडी बघितली, निळी शिंपली बघितली, तिने बोट लावलं तशी तोंड मिटून घेणारी. सासऱ्यांना सांगा राजश्री, त्यांच्या वाटचा पूल आम्ही बघून आलो. पोपटमाशाचा आवाज लेकीला ऐकू आला, पाण्यातून डोकं वर काढून ओरडली, आई तो खरंच खातोय! एलिफंट बीचला आम्ही तिघंच गेलो, आई राधानगरला महुआखाली बसली होती, शेजारी एक बंगाली आजी मिळाल्या, दोघींनी हिंदीत दुपार काढली. आईला बोट एकदाच लागली, परतताना, गोळी घ्यायची विसरलो तेव्हा.

आता जेल. मावशींनी सांगितलं तसं उघडताच गेलो. आई तीन ठिकाणी बसत वर चढली, अर्धा तास लागला. त्या कोठडीच्या दाराला पुढे आणखी एक जाळीचं दार आहे. आत फोटो, खाली फुलं. आई आत गेली, वर त्या उंच झरोक्याकडे बघितलं, मग मागे वळून गजांतून हात बाहेर काढला. मला कळेना काय करतेय. तिथल्या दाराचा अडसर लांबवर भिंतीत कोनाडा करून त्यात बसवलेला आहे, आतल्या माणसाचा हात तिथपर्यंत पोचू नये म्हणून. आईने खांद्यापर्यंत हात घातला, बोटं ताणली. वीतभर कमी पडली. मग म्हणाली, तुझे आजोबा हे सांगायचे, मला वाटायचं गोष्ट रंगवून सांगतायत. परत दोनदा करून बघितलं तिने.

समीर, नवरा अजूनही म्हणतोय की रॉस-स्मिथ राहिलं. पुढच्या वर्षी समुद्रमार्गे दिगलीपूरला जायची बोट किती तासांची असते, तिकीट आधी किती दिवस काढावं लागतं, कोणाला माहीत आहे का?

माजी_द्वीपकर
पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, बहुतेक रात्रीचा प्रवास. आताचं वेळापत्रक शाळेतल्या मैत्रिणीला विचारून उद्या लिहितो, ती अजून रंगतलाच आहे.

समीर_कोथरूड
द्वीपकर, मलाही सांगा. ह्या वेळी आईबाबांना घेऊन, आणि बोटीनेच.